पुढे जाणाऱ्याचा शब्द

सध्या धमकीच्या ई-मेलांचा सुकाळ आहे. शाळा, न्यायालये, विमानतळ, कोणालाही मेल येतो. मग बॉम्बशोधक व नाशक पथक, म्हणजे पोलिसांच्या बोलीतले बीडीडीएस, श्वानासह धावते आणि संध्याकाळी ‘काहीही संशयास्पद आढळले नाही’ अशी ओळ बातमीत येते. २०२४च्या ऑक्टोबरात तर विमानांबाबत अशा शेकडो धमक्या आल्या आणि सगळ्या पोकळ निघाल्या. प्रत्येक धावपळीनंतर एक मागणी ठरलेली असते: पथकाला अत्याधुनिक साहित्य द्या. मागणी रास्त आहे, ते द्यावेच. पण साहित्याच्या यादीवरून कोणत्याही देशाचे पथक कसे आहे ते कळत नाही, कारण या याद्या जगभर साधारण सारख्याच असतात. जाड सूट, रोबो, सुटसुटीत क्ष-किरण यंत्र, मेटल डिटेक्टर, श्वान, हुक आणि दोरी. पथकाची खरी परीक्षा घ्यायची तर एवढेच विचारावे: त्या वस्तूकडे चालत जाणाऱ्या माणसाचा शब्द तिथे चालतो का?

फ्रँकफुर्टमध्ये तो किती चालतो, हे २०१७ साली दिसले. विद्यापीठाच्या आवाराजवळ बांधकामासाठी खणताना दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश बॉम्ब सापडला. वजन १.८ टन, पैकी सुमारे १.४ टन नुसती स्फोटके. ३ सप्टेंबरच्या रविवारी दीड किलोमीटरच्या परिघातली साठ हजारांवर माणसे घराबाहेर काढण्यात आली. त्या परिघात दोन रुग्णालये होती, वृद्धाश्रम होते, आणि देशाच्या सोन्याचा मोठा साठा सांभाळणाऱ्या मध्यवर्ती बँकेचे मुख्यालयही होते. काही मंडळी घर सोडायला तयार होईनात. पोलीस दारोदार फिरले. वरून हेलिकॉप्टरमधल्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने कोणी मागे राहिले आहे का ते पाहिले. परिसर रिकामा झाल्याची खात्री होईपर्यंत बॉम्बला हात लागला नाही. उशीर झाला तो झाला. मग दोघे जण खड्ड्यात उतरले आणि फ्यूज काढून वर आले.

हे दोघे लष्करातले नव्हते, पोलीसही नव्हते. ते हेसेन राज्याच्या मुलकी प्रशासनाचे नोकर होते. जर्मनीत युद्धकालीन बॉम्बचे काम सोळा राज्यांनी आपापले सांभाळायचे असते आणि प्रत्येक राज्याने त्याची आपापली व्यवस्था लावलेली आहे. घातपात्याने ठेवलेली पिशवी असेल तर पोलिसांचे पथक जाते. आकाशातून पडलेला जुना बॉम्ब असेल तर हे लोक. त्यांच्या हाती सगळ्यात मोलाचे साहित्य आहे ते कागदाचे. युद्धकाळात दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी टिपलेल्या छायाचित्रांत मोठे खड्डे म्हणजे फुटलेले बॉम्ब आणि बारीक ठिपके म्हणजे न फुटता जमिनीत शिरलेले. बर्लिनच्या उत्तरेच्या ओरानियनबुर्गसारख्या शहरात हे ठिपके अजून एकेक करून तपासले जातात.

ओरानियनबुर्गचे बॉम्ब वाईट, कारण त्यांतले बरेच विलंबाने फुटणारे. अशा फ्यूजमध्ये अॅसिटोनची काचेची कुपी असते. ती फुटली की अॅसिटोन सेल्युलॉइडच्या चकतीवर पडते, चकती विरघळत जाते आणि तिने अडवून धरलेली स्प्रिंगची टाचणी सुटते. काही तासांनी स्फोट व्हावा, अशी ती योजना. पण मऊ जमिनीत बॉम्ब वळून नाक वर करून बसला तर अॅसिटोन चकतीपासून दूर ओघळते आणि सगळा मामला तसाच अडकून राहतो. चकती मात्र आपल्या आपण जीर्ण होत असते. म्हणजे हा बॉम्ब जितका जुना तितका भरवशाचा नाही. १ जून २०१० रोजी ग्योटिंगेनला असाच एक बॉम्ब निकामी करण्याची वेळ अजून यायची होती, तयारीच चालू होती; तेवढ्यात स्फोट झाला आणि पथकातले तिघे अनुभवी लोक गेले. रविवारी साठ हजार लोकांना उठवणारा तो हुकूम कुठून येतो, ते इथे कळते.

जर्मनीत हे पहिल्यापासून असेच होते असे मात्र समजू नये. युद्ध चालू असताना त्याच देशात बॉम्ब उकरून काढायला छळछावण्यांतले कैदी पाठवले जात. फ्रान्सने युद्धानंतर किनाऱ्यावरचे आणि शेतांतले सुरुंग काढायला घेतले तेव्हा जर्मन युद्धकैद्यांना जुंपले, आणि त्यांतले बरेच त्यातच गेले. या कामाच्या इतिहासातली पहिली पाने जवळपास सगळीकडे अशीच आहेत. पुढे जाणारा कोण? ज्याला ‘नाही’ म्हणायची सोय नाही तो.

फ्रान्समध्ये हे काम पुढे गृहखात्याच्या नागरी सुरक्षा विभागाकडे आले आणि तिथल्या प्रशिक्षित पथकांना आजही व्हर्दंच्या बाजूला पहिल्या महायुद्धातले तोफगोळे उचलावे लागतात. शेजारच्या बेल्जियममध्ये हे काम लष्कराचे. तिथला शेतकरी नांगराला लागलेला गोळा उचलून शेताच्या कडेला खांबाशी ठेवतो आणि कळवतो. लष्कराची गाडी येऊन घेऊन जाते. विषारी वायूचे गोळे वेगळे काढून पूलकापेल्लेच्या केंद्रात फोडले जातात. शंभर वर्षे झाली, हंगाम संपलेला नाही.

पॅरिस शहराचा कारभार मात्र वेगळा. तिथे पोलीस मुख्यालयाची स्वतःची प्रयोगशाळा आहे आणि बॉम्बचे काम ती करते. १८७८मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचे काम खाद्यपेयांतली भेसळ पकडणे हे होते. अराजकवाद्यांनी बॉम्ब ठेवायला सुरुवात केल्यावर रसायन जाणणारे म्हणून त्याच लोकांच्या गळ्यात हेही पडले. ८ नोव्हेंबर १८९२ रोजी एका खाण कंपनीच्या कचेरीच्या दाराशी संशयास्पद वस्तू सापडली. ती उचलून जवळच्या पोलीस चौकीत नेली गेली आणि तिथे फुटली. पाच जण ठार झाले. वस्तू जिथे आहे तिथून हलवू नये आणि पोलीस ठाण्यात तर आणूच नये, हा धडा या धंद्यात इतका जुना आहे.

तो गिरवायला आम्हाला १३३ वर्षे कमी पडली. १४ नोव्हेंबर २०२५च्या रात्री श्रीनगरच्या नौगाम पोलीस ठाण्यात, फरिदाबादहून जप्त करून आणलेल्या स्फोटकांचे नमुने काढले जात असताना स्फोट झाला. नऊ जण मृत्युमुखी पडले. त्यांत पोलीस होते, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे लोक होते, छायाचित्रकार होते, आणि कामासाठी बोलावून आणलेला एक शिंपीही होता. हा अपघात होता असे सरकारने सांगितले. असेलही. पण मुद्देमाल ज्या ठाण्याच्या गुन्ह्यातला, त्या ठाण्यात तो ठेवायचा ही आपली कागदी शिस्त, आणि वस्तीतल्या ठाण्यात शेकडो किलो स्फोटके ठेवू नका असे सांगण्याचा अधिकार त्या खोलीतल्या कोणाला होता, हे कुठल्याही नियमपुस्तिकेत चटकन सापडणार नाही. शिंप्याला तर नक्कीच नव्हता.

ब्रिटनची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. १९४०मध्ये लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा लष्कराच्या इंजिनिअर्स दलाने घाईघाईने पथके उभी केली. फावडी, दोर, शिडी आणि स्टेथोस्कोप. आत घड्याळ चालू आहे का ते ऐकायचे. लष्कराच्या शेजारी, सरकारच्या वैज्ञानिक विभागाकडून सफोकचा उमराव चार्ल्स हॉवर्ड या कामात पडला. त्याच्याबरोबर दोघेच असत, त्याची सचिव बेरिल मॉर्डन आणि चालक फ्रेड हार्ड्स. उमराव फ्यूजवर काम करताना आपण काय करतो आहोत ते बोलत जाई आणि मॉर्डनबाई ते टिपून घेत. स्क्रू किती फिरवला, कुठे अडला, आवाज कसा आला. चौतीस बॉम्ब असे झाले. १२ मे १९४१ रोजी एरिथच्या दलदलीत पस्तिसावा फुटला आणि तिघेही गेले. पण तोवरच्या टिपणांचा उपयोग पुढच्या माणसाला होणार होता. पथक जिवंत ठेवायचे तर अगोदरच्या माणसाने पाहिलेले पुढच्याला ठाऊक हवे, आणि त्यासाठी स्फोटापासून दूर सुरक्षित राहील असे काहीतरी लिहून ठेवलेले हवे. आज ज्याला बॉम्ब डेटा सेंटर म्हणतात त्यामागची कल्पना हीच, या वहीतली.

पुढची शाळा उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षाची. तिथे शत्रू विमानातला नव्हता, गल्लीतला होता, आणि बॉम्ब निकामी करायला येणारा माणूसच पुष्कळदा त्याचे खरे लक्ष्य असे. लष्कराच्या ३२१ क्रमांकाच्या कंपनीने ते काम केले. या संघर्षात त्यांचे वीस स्फोटकतज्ज्ञ मारले गेले. १९७२मध्ये पीटर मिलर या लेफ्टनंट कर्नलने बागकामाच्या विजेवर चालणाऱ्या ढकलगाडीचा सांगाडा घेतला आणि संशयित मोटारीला दुरून हुक अडकवून ती ओढून नेण्याची सोय केली. ‘व्हीलबॅरो’ नावाचा पहिला बॉम्बवाला रोबो तो हाच. त्यावर पुढे कॅमेरा चढला, आणि ‘पिगस्टिक’ चढले. पिगस्टिक म्हणजे लहान काडतुसाच्या जोरावर पाण्याचा झोत सोडणारी नळी. झोत इतका वेगवान असतो की बॉम्बच्या विद्युतमंडळाने काही करण्याआधीच ते मंडळ तुकडे तुकडे झालेले असते. असे शेकडो रोबो कामात नष्ट झाले. लष्कराला त्याचे दुःख नव्हते.

रोबोपेक्षा मोठी वस्तू तिथून मिळाली ती म्हणजे रीत. बॉम्ब दिसला की धावायचे नाही. आधी दोरी लावून गर्दी मागे सारायची, मग थांबायचे, बराच वेळ थांबायचे. आत घड्याळ असेल तर ते आपली वेळ गाठून टाकू दे. मग रोबो. रोबो अडला तरच माणूस, आणि तोही एकटा. तो जो एकटा चालत जातो तो कॅप्टन असेल, वॉरंट ऑफिसर असेल, सार्जंटसुद्धा असेल. पण कधी जायचे आणि कसे, ते तो ठरवतो. रस्ता लवकर खुला करा म्हणून वरिष्ठाने त्याला घाई करायची नाही, असा दंडक. त्याचा सूट पस्तीस-चाळीस किलोंचा असतो, मानेपर्यंत कॉलर, डोक्यावर हेल्मेट, पाठीच्या कण्यालाही कवच. हात मात्र उघडे, कारण जाड हातमोजे घालून तार पकडता येत नाही. लंडनमध्ये हे काम महानगर पोलिसांच्या स्फोटकतज्ज्ञांचे, समुद्रात व किनाऱ्यावर नौदलाच्या पाणबुड्यांचे, बाकी देशात लष्कराचे. २०२४च्या फेब्रुवारीत प्लिमथच्या एका घराच्या बागेत ५०० किलोचा बॉम्ब निघाला तेव्हा दहा हजारांवर लोक हलवून तो लष्करी ताफ्यातून भर शहरातून समुद्राकडे नेला गेला आणि खोल पाण्यात फोडला गेला. वाटेत रस्ते ओस. 

अमेरिकेत देशाचे एक पथक असे नाहीच. शहराचे पोलीस, काउंटीचे शेरीफ, राज्य पोलीस, ज्याची ऐपत त्याचे पथक. न्यूयॉर्कचे सर्वांत जुन्यांपैकी. १९०३मध्ये जोसेफ पेट्रोसिनो या पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखाली ते सुरू झाले ते इटालियन दुकानदारांना डायनामाइटचा धाक दाखवून पैसे उकळणाऱ्या टोळ्यांपायी. १९४०च्या ४ जुलैला तिथल्या जागतिक प्रदर्शनात सापडलेली टिकटिकणारी बॅग मैदानाच्या कडेला नेऊन तपासताना दोन पोलीस डिटेक्टिव्ह ठार झाले, आणि त्यानंतर पोलादी दोर विणून बनवलेली, बॉम्ब वाहून नेणारी अवजड गाडी आली. पण इतक्या विखुरलेल्या देशात एक गाठ मजबूत आहे. अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या लष्करी तळावर १९७१पासून चालणारी एक शाळा आहे, तिचा कारभार एफबीआयकडे आहे, आणि तिथला दाखला असल्याशिवाय कोणत्याही गावच्या पोलिसाला बॉम्ब तंत्रज्ञ म्हणवून घेता येत नाही. दाखला ठरावीक वर्षांनी पुन्हा मिळवावा लागतो. पथक छोट्या शहराचे असले तरी त्याच्या माणसाचा शब्द चालतो तो या दाखल्याच्या बळावर. (त्याच देशात २०१६ साली डॅलसच्या पोलिसांनी बॉम्ब निकामी करणाऱ्या रोबोच्याच हातात स्फोटके देऊन पाच पोलिसांच्या मारेकऱ्याला ठार केले. साहित्य कोणत्या कामासाठी घेतले होते, हा प्रश्न तिथेही विचारला गेला.)

आता आपले. भारतात कागदावर रचना वाईट नाही. लष्कराचे सॅपर्स, म्हणजे इंजिनिअर्स दलाचे जवान, आहेत. मानेसरला एनएसजी आणि तिचे १९८८पासूनचे नॅशनल बॉम्ब डेटा सेंटर आहे, आणि राज्यांच्या पोलिसांना तिथे शिकवले जाते. राज्यांची बीडीडीएस आहेत. साहित्यही अगदीच नाही असे नाही. पुण्यात दिघीला डीआरडीओच्या प्रयोगशाळेने ‘दक्ष’ हा रोबो बनवला. जिने चढतो, वीस किलोपर्यंतचे ओझे उचलतो, पाण्याचा मारा करतो. २०११च्या डिसेंबरात तो लष्कराला मिळू लागला. आणि काम केलेली माणसेही आहेत. १९९३च्या मुंबई स्फोटांनंतर दोन दिवसांनी दादरच्या नायगाव क्रॉस रोडवर आरडीएक्सने भरलेली स्कूटर सापडली व निकामी करण्यात आली. शाबूत बॉम्ब हाती लागणे म्हणजे तपासाला केवढा आधार, हे वेगळे सांगायला नको.

पण त्याच मुंबईत २००८मध्ये काय झाले? २६ नोव्हेंबरच्या रात्री सीएसटीवर हल्ला झाला. पळापळीत प्रवाशांचे सामान फलाटावर राहिले, ते गोळा करून ठेवले गेले. गाड्या सुरू झाल्या, गर्दी परतली. ३ डिसेंबरला त्या ढिगात जिवंत बॉम्ब सापडले. आठवडाभर लाखो लोक त्यांच्या जवळून ये-जा करत होते. पथकाकडे श्वान नव्हते की यंत्र नव्हते? दोन्ही होते. स्थानक तपासून झाल्याशिवाय लोकल सोडायची नाही, हे म्हणण्याचा अधिकार मात्र पथकाकडे नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्यांच्यावर ‘मुंबई पुन्हा धावू लागली’ हे दाखवण्याचे दडपण होते. २०१६च्या जानेवारीत पठाणकोटला एनएसजीच्या बॉम्बनाशक पथकाचे लेफ्टनंट कर्नल निरंजन अतिरेक्याच्या मृतदेहाची तपासणी करताना ग्रेनेडच्या स्फोटात गेले. २०१९च्या महाराष्ट्रदिनी गडचिरोलीत जांभूरखेड्याजवळ भूसुरुंगाने १५ जवान आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक मारले गेले. रस्ता तपासून मोकळा होण्याआधीच गाडी निघाली, हा त्या वेळचा मुख्य आक्षेप होता. रस्ता तपासणारे पथक गडचिरोलीत आहे. त्याची वाट पाहिली गेली नाही.

एरवी आपले बीडीडीएस काय करते? मंत्र्यांचा दौरा असला की सभामंडप, विश्रामगृह, हेलिपॅड, व्यासपीठावरच्या पुष्पगुच्छांपर्यंत घातपातविरोधी तपासणी. मग गणेशोत्सव, मग निवडणूक, मग ई-मेल. पथकातला माणूस हवालदार किंवा उपनिरीक्षक असतो. त्याने दोरी बांधली तरी दोरीच्या अलीकडे स्थानिक पुढारी, चार वाहिन्यांचे कॅमेरे आणि आसपासच्या इमारतींतले हौशी चित्रणकार असतात. ‘साहेब, किती वेळ?’ असे वरून फोन येतात. तो हुक टाकून बॅग ओढतो, क्ष-किरणाची पाटी मागे लावतो, आत डबा-टॉवेल निघतो आणि टाळ्या पडतात. बॅगेत डबा-टॉवेल नसता तर ही गर्दी कुठे असती, याचा विचार त्या टाळ्यांत कोणी करत नाही. एवढे शिकून सवरून मुदत संपली की तो परत ठाण्यात जातो, बंदोबस्ताला लागतो, आणि त्याच्या जागी नवा येतो. मॉर्डनबाईंची वही इथे बदलीच्या आदेशाबरोबर बंद होते.

आणि ज्यांना पथकात गणलेच जात नाही, त्यांचे काय? २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्ध्याजवळ पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या मैदानात, जबलपूरच्या आयुध निर्माणीतून नष्ट करायला आणलेला जुना दारूगोळा ट्रकमधून उतरवताना स्फोट झाला. सहा जण ठार झाले. उतरवणारे होते ते ठेकेदाराने आणलेले, आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर. हे बॉम्ब निकामी करण्याचेच काम होते, फक्त ते सूटशिवाय, दाखल्याशिवाय आणि दिवसाच्या मजुरीवर चालले होते. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कैद्यांना निदान आपण कैदी आहोत हे माहीत होते.

गृहखात्याने नव्या सुटांची आणि रोबोंची खरेदी जरूर करावी. त्याबरोबर तीन साधे कागद काढावेत. संशयित वस्तूपासूनचे अंतर पथकाचा प्रमुख ठरवील आणि त्या अंतरात लोकल, मिरवणूक वा मंत्र्यांचा ताफा यांपैकी काहीही येणार नाही, हा एक. बीडीडीएसमधला प्रशिक्षित माणूस सर्वसाधारण बदल्यांतून वगळला आहे आणि त्याचा दाखला ठरावीक वर्षांनी तपासला जाईल, हा दुसरा. दारूगोळा हाताळणाऱ्या ठेक्याच्या मजुरालाही प्रशिक्षण, कवच आणि विमा मिळेल, आणि यांतले काही नसेल तर ट्रकचे दार उघडले जाणार नाही, हा तिसरा. हा केंद्राकडून निघायला हवा. यांपैकी एकाही कागदासाठी जागतिक निविदा काढावी लागत नाही.